टाचणी मारलेली तारीख

२८ ऑगस्ट, गुरुवार

ही डायरी मॅडमनी दिली. वर कुठल्याशा सिमेंटची जाहिरात आहे, आतली पानं कोरी. म्हणाल्या, "साइटवर खरोखर काय झालं ते रोज लिहीत जा. नाहीतर कंप्युटरला काय सांगशील?"

खरोखर काय झालं ते लिहायचं तर आधी हे लिहितो, की मला या ऑफिसची किळस येते. पत्र्याची खोली. एसीचं पाणी रंगाच्या जुन्या डब्यात ठिबकतं, त्यात मेलेले पतंग तरंगतात, डबा कुणी रिकामा करत नाही. मोठे साहेब टेबलावर बसून नखं कापतात आणि कापलेली फुंकर मारून माझ्या बाजूला उडवतात. एका फाइलवर चहाचा कप आहे, त्यात दुधाची साय वाळून चामड्यासारखी झालीय. तो कप मी आलो तेव्हापासून तिथेच.

तरी खुर्ची सोडवत नाही. चाकं आहेत तिला.

गेल्या महिन्यापर्यंत मी भाऊजींच्या टोळीत होतो. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांनीच मला इतक्या लांब आणलं, घरापासून दोन दिवसांचा प्रवास. आमची टोळी सेंटरिंगची. स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्या ठोकायच्या, लोखंडी टेकू उभे करायचे आणि स्लॅब घट्ट झाला की सगळं काढायचं. मी शाळेत सातवीपर्यंत, त्यातही वर्गाबाहेर जास्त. एका जागी टिकत नाही म्हणून ताईने नाव पाडलं भिंगरी, भाऊजींनी ते इथे आणून सगळ्यांना वाटलं. पण अक्षर चांगलं, मोबाइलवर बोटं झपाझप चालतात आणि साइटचा कोपरान्‌कोपरा ठाऊक. त्यामुळे मॅडमनी मागून घेतलं. त्या कामांचं वेळापत्रक करतात. वर जाऊन किती काम झालं ते बघून येणारा माणूस त्यांना हवा होता.

दुपारी टोळीजवळून गेलो तर एकजण ओरडला, "आले खुर्चीसाहेब! जपून बरं, इथे माती असते!" सगळे हसले. भाऊजीही हसले. मला नाही आवडलं.

१ सप्टेंबर, सोमवार

आज मॅडमनी वेळापत्रक उलगडून दाखवलं. हे हॉस्पिटल बांधायला दोनशे अकरा कामं आहेत. दर कामाची एक पट्टी. पट्टीच्या शेपटीला बाण, बाणाच्या टोकाला पुढची पट्टी.

"काम आपोआपवर ठेवलंस," मॅडम म्हणाल्या, "तर मागचं सरकलं की ते स्वतः सरकतं. हाताने ठेवलंस तर तिथे ही टाचणी दिसते बघ. मग मागे आग लागली तरी ते जागचं हलत नाही."

"मग टाचणी मारायची कधी?"

"तारीख आपल्या हातात नसेल तेव्हा."

मला हसू आलं. हाताने कधी, तर हातात नसेल तेव्हा! मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, लिफ्ट तपासणारा त्याच्या सवडीने येणार, आपलं काम लवकर झालं म्हणून तो लवकर येत नाही. त्याला टाचणी. २२ ऑक्टोबरला उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार, त्यांनी दिवस दिलाय. त्यालाही टाचणी.

"आणि एक. एखादं काम करायचंय, पण कधी ते कुणालाच माहीत नाही. बाग बघ. नाव लिहून ठेवायचं आणि तारखेच्या जागी लिहायचं 'बघू'. टाचणीवर ठेवलं तर हा शब्दसुद्धा घेतो."

"आणि बाकी?"

"बाकी सगळं आपोआप. काँक्रीट कुणाचं ऐकत नाही."

त्यांनी पुढच्या दाराच्या मोठ्या हॉलचा स्लॅब दाखवला. ५ ला ओतायचा. मग एकवीस दिवस टेकू तसेच. २६ ला टेकू काढायचे. मग त्याखाली फरशी, छत, रंग. सगळी साखळी.

त्या जेवायला गेल्यावर मी सरावासाठी सगळ्यात खाली एक ओळ टाकली. दोनशे बारावी. 'घरी जाणे'. तारीख: 'बघू'. कंप्युटरने मुकाट्याने घेतली. मॅडमनी नंतर ती पाहिली, पुसायला हात नेला आणि म्हणाल्या, "राहू दे."

५ सप्टेंबर, शुक्रवार

स्लॅब झाला नाही. साठ माणसं पहाटेपासून बूट घालून उभी आणि काँक्रीट वर चढवणारा पंपच बंद पडला. त्याचा कुठलासा भाग मागवायला आठ दिवस लागतील.

साहेब फोनवर ओरडत होते. थुंकीचे शिंतोडे फोनवर, मग तोच फोन पँटीला पुसला आणि माझ्या हातात दिला, "चार्जिंगला लाव." मी दोन बोटांनी धरला.

६ सप्टेंबर, शनिवार

मॅडमनी स्लॅबची तारीख १३ केली. बटण दाबलं आणि बघताबघता मागच्या सगळ्या पट्ट्या उजवीकडे चालू लागल्या, पुढची गाय वळली की कळप वळतो तशा. टेकू काढणे गेलं ४ ऑक्टोबरला. शेवटचा रंग गेला ३० ऑक्टोबरला. उद्घाटन मात्र टाचणीला लटकून २२ लाच. पडदा लाल झाला.

साहेबांनी मॅडमना आत बोलावलं. मधली भिंत म्हणजे नुसती फळी, सगळं ऐकू येतं.

"हे मी वर पाठवू? लाल?"

"आहे तेच आहे, सर."

"तारखा जुन्या करा आणि टाचण्या मारा."

"टेकूच्या तारखेला टाचणी मी मारणार नाही."

"मग कोण मारणार?"



८ सप्टेंबर, सोमवार

मॅडम गेल्या. त्यांच्या टेबलावरचं सगळं एका खोक्यात मावलं. धुळीला कंटाळल्या असतील, किंवा दुसरीकडे चांगलं मिळालं असेल. शिकलेल्यांचं बरं असतं, हे नाही तर ते. जाताना मला म्हणाल्या, "माझ्या लॉगिनने काही करू नकोस. आणि स्वतःच्याही विचार करून." मला वाटलं, आता मी त्यांच्या खुर्चीवर बसणार म्हणून यांच्या पोटात दुखतंय.

९ सप्टेंबर, मंगळवार

साहेबांनी स्वतः मला आत बोलावलं. बस म्हणाले. त्यांच्यासमोर मी आजवर कधी बसलो नव्हतो.

"तू हुशार आहेस रे. शिकलेल्यांना नुसत्या शंका येतात. काम तुझ्यासारखी माणसं करतात."

मग चौदा कामांची यादी दिली. ती जुन्या तारखांवर न्यायची आणि टाचण्या मारायच्या. पहिलंच होतं हॉलचे टेकू काढणे, २६ सप्टेंबर.

मी विचारलं, "साहेब, एकवीस दिवस?"

"काँक्रीटमध्ये मसाला घालणार आहोत. लवकर घट्ट होतो. तुला काय वाटलं, मी इतकी वर्षं गोट्या खेळलो?"

मग बरोबर. त्यांनी माझ्या नावाचं लॉगिन उघडून दिलं. "जबाबदारीचं काम आहे, तुझ्याच नावावर असलं पाहिजे," म्हणाले. मी चौदा टाचण्या मारल्या. पडदा हिरवागार. फक्त २६ तारखेच्या खाली एक लाल नागमोडी रेघ आली, चूक झाल्यावर मास्तर काढत तशी. साहेब म्हणाले, "ती छापताना येत नाही."

खरंच आली नाही. छापलेल्या यादीखाली लिहून आलं: तयार करणार, आणि पुढे माझं नाव. फोटो काढून ताईला पाठवला. तिने अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, 'भाऊजींना दाखवलास का?'

नाही दाखवला. त्यांना वाचता येतं ते आकडे तेवढे.

१३ सप्टेंबर, शनिवार

स्लॅब ओतला. सकाळी सहा ते दुपारी चार. मी काचेतून बघितलं. एरवी मीही त्या चिखलात घोट्यापर्यंत असतो. आज शर्टाला एक ठिपका नाही. बरं वाटलं आणि का कोण जाणे, जेवण गेलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ताईचा फोन. पोर आता सात महिन्यांचं झालं, भाऊजींनी अजून पाहिलेलं नाही. "टेकू निघाले की येतो म्हणालेत. २७ चं तिकीट आहे. यादीत बघून सांग ना रे, २६ नक्की ना?"

मी ऐटीत सांगितलं, "नक्की म्हणजे काय, टाचणी मारलीय. मीच मारलीय."

"टाचणी म्हणजे?"

"तुला नाही कळायचं. आता हलत नाही म्हणून समज."

तिने पोराच्या कानाशी फोन धरला. ते फुरफुरलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

आठवड्याची यादी छापून दाराजवळच्या फळ्यावर लावली. या यादीवर साइट चालते. ओळ असली की सेफ्टीवाला सही करतो, सही असली की काम. ओळ नसेल तर तो टेकूला बोटसुद्धा लावू देत नाही. वर मान करून स्लॅब मात्र बघत नाही. कागद बघतो, वीत लावून ओळ मोजतो, सही करतो. सहीला काखेतलं पेन लागतं त्याला. ओलं पेन. तेच मला यादीवर सही करायला देतो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज टेकू निघायचे होते. निघाले नाहीत. भाऊजी ऑफिसच्या दारात उभे. आत येत नाहीत ते, चप्पल मातीची असते म्हणून.

"साहेब, टेकूचे आटे सोडायचे पाने सापडत नाहीत."

"पाने? सगळे?"

"पेटीच सापडत नाही. पोरांनी कुठे ठेवली काय माहीत."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "हा तुझा नातेवाईक ना?" मी स्क्रीनकडे बघत राहिलो. कान तापले. मी टोळीत असताना भाऊजी पान्यांची पेटी उशाला घेऊन झोपायचे.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज म्हणे दोघांना ताप. उरलेल्यांनी होणार नाही, टेकू चौसष्ट आहेत.

मी दुपारी मुद्दाम त्यांच्या खोलीवर गेलो. तापवाले दोघं पत्ते खेळत होते. मला बघून एकाने घाईघाईने डोक्याला फडकं बांधलं. उलटं.

संध्याकाळी भाऊजींना विचारलं, "तिकिटाचं काय?"

"परत केलं."

"आणि ताईला काय सांगितलं?"

"काम पुढे गेलं म्हणून."

"काम पुढे गेलेलं नाही! यादीत तारीख आहे. तुम्ही पाट्या टाकताय."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जेवलास का?"

मला शिसारी आली. स्वतःचं पोर तिकडे वाट बघतंय आणि या माणसाला हात हलवायचा आळस. माझ्या ताईने काय बघून यांच्या गळ्यात माळ घातली?

२९ सप्टेंबर, सोमवार

आज पेटी सापडली, तर टेकूंचे आटे गंजलेत, तेल पाहिजे. तेल दिलं, तर म्हणे तेल मुरायला वेळ पाहिजे.

साहेबांनी सगळ्यांसमोर भाऊजींना झाडलं. कामचोर म्हणाले. लाज काढली, बापाचा उद्धार केला. भाऊजी मान खाली घालून उभे, मोठा माणूस, कानाजवळ केस पिकलेले. साहेब हसले तसा सेफ्टीवाला हसला. मग मीही हसलो. थोडासाच. पण भाऊजींनी तेव्हाच वर बघितलं.

हे लिहायला नको होतं. मॅडम म्हणाल्या होत्या खरोखर झालं ते लिही, म्हणून लिहिलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज सावकाश लिहितो.

दुपारी साहेब म्हणाले, "उद्या सकाळी आठला दुसरी टोळी येतेय. चष्मेवाल्या मुकादमाची. टेकू ते काढतील. यादीत टोळीचं नाव आणि तारीख बदल आणि लाव. खाली फरशीवालेही उद्यापासूनच." मी दोन्ही बदललं, यादी छापली, लावायला निघालो. वाटेत हॉलमध्ये शिरलो. का, माहीत नाही. भाऊजींना तोंडावर सांगावं असं वाटलं असेल, की बघा, तुमच्यावाचून अडत नाही.

आत त्या चौसष्ट टेकूंचं रान. थंड, ओलसर. वरून पाणी मारलेलं अजून ठिबकत होतं. मधल्या टेकूला फळीचा तुकडा बांधलेला. त्यावर खडूने '१३-९' आणि खाली चौकोनी घरं. तीन ओळी, दर ओळीत सात. मी मोजली. सतरा घरं भरलेली, चार रिकामी.

भाऊजी पलीकडे उपड्या घमेल्यावर बसून पाने पुसत होते. सगळे पाने. चकचकीत.

मी म्हणालो, "मसाला घातलाय ना यात? लवकर घट्ट व्हायचा?"

"ओतताना मी उभा होतो. वाळू, खडी, सिमेंट, पाणी. मसाला असता तर डबे दिसले असते."

"साहेबांना सांगितलं?"

"दोनदा. ते म्हणाले, यादीत काय आहे ते बघ. तुझ्या मेव्हण्यानेच केलीय."

"मग मला का नाही सांगितलं?"

भाऊजींनी पाना उलटा केला, दुसरी बाजू पुसली. "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी ती चार रिकामी घरं पुन्हा मोजली.

"साहेबांना जाऊन विचारलं असतंस. विचारलं असतंस ना? मग दुसरी टोळी त्याच दिवशी आली असती. मला एक एक दिवस काढायचा होता. पेटीचा एक, तापाचे दोन, तेलाचा एक. आजचा गेला तसाच. अजून चार पाहिजेत, अन् माझ्याकडची थापांची पोतडी रिकामी झाली." हसले. "उद्या म्हणणार होतो, बायको आजारी आहे. ते जिभेवर येईना."

"उद्या ते येतायत. आठ वाजता." मी यादी पुढे केली.

त्यांना अक्षरं नाही लागली. तारखेवर बोट ठेवलं आणि मग खाली, माझ्या नावावर. तेवढं नाव त्यांना वाचता येतं, कारण लग्नानंतर ताईने त्यांना घरातल्या सगळ्यांची नावं लिहायला शिकवली होती.

"खाली फरशीवाले किती?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"मग मी उद्या इथेच बसतो."

"इथे? या स्लॅबखाली?"

"माणूस बसलाय म्हटल्यावर टेकू कोण काढेल? आणि काढलाच, तर निदान तुझ्या ताईला सांगायला तू आहेस."

थट्टेतच म्हणाले. पण पाने पुसायचं थांबलं होतं.

मी बाहेर आलो आणि भिंतीआड ओकलो. यादी हातातच होती. तिच्यानेच तोंड पुसलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी सात वाजता ऑफिस उघडलं. डब्यातले पतंग, तो कप, खुर्चीखाली साहेबांची नखं. बसलो. माझ्या नावाने आत गेलो. टेकूच्या तारखेखालची लाल नागमोडी रेघ तीन आठवडे तशीच होती, माझी वाट बघत.

चौदा टाचण्या एकेक काढल्या. मॅडमनी दाखवलं होतं तसं आपोआपवर टाकलं. पट्ट्या चालू लागल्या. टेकू काढणे: ४ ऑक्टोबर. फरशी त्याच्या मागे, छत त्याच्या मागे. पडदा लालभडक. पहिल्यांदा त्या पडद्याची किळस वाटली नाही.

दोन प्रती छापल्या. एक फळ्यावर, एक सेफ्टीवाल्याच्या हातात. त्याने वीत लावली, आजच्या तारखेत ओळ शोधली. नव्हती.

"टेकूची ओळ कुठे गेली?"

"चारला."

"मग आज सही नाही," म्हणाला आणि पेन काखेत सारलं. त्या माणसाला मी किती नावं ठेवली होती! आज त्याच्या त्या कागदी डोक्याचे पाय धरावेसे वाटले.

आठला चष्मेवाला मुकादम टोळी घेऊन आला. यादी वाचली, पुन्हा वाचली. "सही नाही तर आम्ही हात लावणार नाही बाबा." मग आत डोकावला. तिथे स्लॅबच्या मधोमध घमेल्यावर भाऊजी. मुकादमाने ते घरांचं फळकूट बघितलं, चष्मा काढून पुसला आणि भाऊजींना म्हणाला, "एकवीस?"

"अठरावा आज."

"आणि मला म्हणाले पंचवीस झाले." त्याने खाली एक शिवी टाकली, कुणाला ते सगळ्यांना कळलं, आणि टोळीला म्हणाला, "चला रे, चहा प्यायला."

साडेनवाला साहेब. फळ्यापाशी थांबले. मग आतून माझ्या नावाची हाक, अख्ख्या साइटला ऐकू जाईल अशी.

"हे कुणी केलं?"

"मी टाचण्या काढल्या, साहेब. पुढचं आपोआप झालं."

"मस्ती आली? पुन्हा मार. आत्ताच्या आत्ता!"

मी खुर्चीवरून उठलो, माझं नाव बंद केलं आणि त्यांच्या नावाचं पान उघडलं. खुर्ची त्यांच्याकडे वळवली. चाकं आहेत तिला.

"तुम्ही मारा, साहेब. एकच बटण आहे. तुमच्या नावाने मारली की मी छापून लावतो."

साहेब बसले. हात कीबोर्डवर नेला. अधांतरी धरला. नखं नीट कापलेली. मी त्या बोटांकडे बघत होतो, दारात सेफ्टीवाला बघत होता. एसी ठिबकत होता. एवढा मोठा माणूस, एवढीशी टाचणी. हात तसाच मागे गेला आणि त्यांनी कपाळ पुसलं.

तेव्हा मला कळलं, मसाला नाही हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि माझ्या अक्षरावर ते का खूश होते तेही. मॅडम धुळीला कंटाळून गेल्या नव्हत्या. मी गाढव. त्यांचं पोटबीट काही दुखत नव्हतं.

"चालता हो," साहेब म्हणाले. "जा, त्याच चिखलात मर."

मी कप उचलला. तेवढा एक बाहेर नेऊन फेकला.

४ ऑक्टोबर, शनिवार

काल संध्याकाळी ऑफिसातून बातमी आली. पाहुण्यांनाच २२ जमत नाही. त्यांनी पुढल्या महिन्यातला दिवस दिलाय. एक फोन, बस. ज्या तारखेपायी हे सगळं, ती एका फोनने सरकली. साहेब आता सगळ्यांना सांगत फिरतायत, घाई करून उपयोग नसतो, काँक्रीटला वेळ द्यावा लागतो.

आज एकविसावं घर. आधी ते भाऊजींनी भरलं, मगच सेफ्टीवाल्याला बोलावलं. तो कागद घेऊन आला. ओळ होती. सही केली. या वेळी मात्र त्याने एकदा वर बघितलं.

टेकू कसे काढायचे ते मी विसरलो नव्हतो. मधून सुरू करायचं, कडेकडे जायचं. एकदम नाही, आटा थोडा सैल करायचा, थांबायचं, ऐकायचं. भाऊजी कान लावून उभे. पहिला सैल झाला तेव्हा वर कुठेतरी बारीक कट्ट झालं. सगळ्यांचे हात थांबले. भाऊजी म्हणाले, "फळी सुटली. चालू द्या." दुपारी तीनपर्यंत चौसष्टच्या चौसष्ट बाहेर. हॉल एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. आवाज घुमत होता. तापवाल्या दोघांपैकी एकाने गाणं म्हणून बघितलं, दुसऱ्याने त्याला चप्पल मारली.

पाने पेटीत भरताना मी म्हणालो, "भाऊजी, त्या दिवशी साहेब तुम्हाला बोलत होते तेव्हा मी…"

"पेटीचं झाकण लाव आधी."

"पण मी हसलो होतो."

"बघितलं की." त्यांनी झाकण स्वतःच लावलं. "वाईट हसतोस. दात दिसतात."

तेवढ्यावर विषय संपवला त्यांनी. माझा नाही संपला.

६ ऑक्टोबर, सोमवार

काल भाऊजी गेले. पोराच्या अंगाला होईल की नाही अशी शंका असलेलं एक झबलं, पाठीला पिशवी. पेटी माझ्याकडे सोपवली. "उशाला घेऊन झोप."

ताईचा फोन आला तेव्हा तिला सगळं सांगावं असं होतं. जमलं नाही. म्हणालो, "तारीख हलली ती माझ्यामुळे." ती म्हणाली, "हलेना का. येतायत ना?"

ऑफिसात आता नवा मुलगा बसलाय, कॉलेजचा, स्वच्छ शर्टाचा. आजची यादी त्याने सगळी न बघता छापली. फळ्यावर सगळ्यात खाली दोनशे बारावी ओळ: 'घरी जाणे – बघू'. टोळीतले पोट धरून हसले. "ही कुणाची रे? सगळ्यांचीच दिसते!" मग त्या मुलाला गाठून सांगितलं, टेकूच्या ओळीला टाचणी मारायला कुणी सांगितलं तर आधी त्यालाच खुर्चीवर बसव. त्याने माझ्या चिखलाच्या हातांकडे बघून नाक मुरडलं. ते नाक मला ओळखीचं वाटलं.

आज मागच्या दारावरचा स्लॅब ओतला. घोट्यापर्यंत चिखल, शर्ट वाया. संध्याकाळी फळीचा तुकडा शोधला, मधल्या टेकूला बांधला. 'ऑक्टोबर ६' लिहिलं. अक्षर चांगलं आलं. खाली एकवीस घरं काढली, तीन ओळी, दर ओळीत सात.

सगळी रिकामी ठेवली. पहिलं उद्या भरायचं.